होडीवर उतू गेलेलं दूध

आई जिन्यात असतानाच तिचा वास घरात यायचा. स्पिरिट, डिझेल आणि सुके बोंबील यांचा मिळून झालेला तो वास भांडुपच्या आमच्या चाळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो आला की शेजारच्या लेले काकू खिडकी लावून घ्यायच्या, आणि त्यांचा मधला मुलगा दार उघडून आमच्याकडे जेवायला यायचा. बाबा मोरीपाशी विळी धुऊन, पाट मांडून तयार असायचे. आई चपला काढते न काढते तोच विचारायचे, "गो, आज काय हाडलंस?" मालवणी माणूस मुंबईत कितीही वर्षं राहिला तरी मासळीचा विषय निघाला की त्याच्या तोंडात गावचीच भाषा येते. आई पिशवी पुढे सरकवायची. कधी करंदी, कधी जवळा, कधी तिसऱ्या, कधी नुसतंच एक कलिंगड. एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी आली. ती बाबांच्यानं कापवेना, म्हणून पुढे कितीतरी दिवस ती गॅलरीत लेले काकूंच्याच तुळशीखाली राहिली. खाडीकाठची माणसं औषध फुकट घ्यायला तयार नसत. दवाखान्यानं काही मागितलं नाही म्हणून काय झालं, रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरातली निम्मी कालवणं त्या माणसांनी खाऊ घातलेली आहेत. तिरफळं घालून केलेलं बाबांच्या हातचं बांगड्याचं तिखलं आठवलं की आजही मी मनात त्यांना हात जोडते.

आई दवाखान्याच्या होडीवर नर्स होती. हे सांगितलं की माझा नातू विचारतो, "आजी, म्हणजे क्रूझ?" क्रूझ कसली रे बाबा! मुळात ती मासेमारीची इंजिनवाली होडी. एका धर्मादाय संस्थेनं ती कुणा मच्छिमाराच्या घरून विकत घेतली, पांढरी रंगवली, मासे आणि बर्फ ठेवायच्या जागेवर केबिन बांधली. केबिनमध्ये एक खाट, दोरीनं भिंतीशी जखडलेलं औषधांचं कपाट, हात धुवायला नळ लावलेलं पिंप, आणि बाहेर रोग्यांना बसायला दोन बाकं. संस्थेनं तिला एक लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. ते उद्घाटनाच्या दिवशी एकदा म्हटलं गेलं असेल तेवढंच. लोक तिला 'पांढरी' म्हणायचे. माहुलच्या धक्क्यावरून पांढरी सुटायची आणि बंदर ओलांडून पलीकडच्या खाड्यांमध्ये शिरायची. तिथल्या कितीतरी गावांना रस्ता नव्हता. ज्यांना होता त्यांचा पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि उन्हाळ्यात फुफाटा. हिवतापाच्या गोळ्या, पोरांना लशी, किडके दात, हातात रुतलेले गळ, कापलेली बोटं, सगळं त्या एका खाटेवर निस्तरलं जायचं. पावसाळ्यात पांढरी माहुलला किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असे. मग आई घरात नुसती घुसमटायची. वाटीवर वाटी, भांड्यावर भांडं आपटायची. बाबा म्हणायचे, "हिका एकदा दर्यात सोडा रे कोणीतरी!"

होडीवर माणसं तीनच. एक आई. दुसरे तांडेलमामा, म्हणजे होडी हाकणारे. माहुलचे कोळी, डोक्याला लाल रुमाल, बोलणं कमी आणि बोलले की समोरच्याची बोलती बंद. तिसरे डॉक्टर फणसळकर. ते मुलुंडला राहायचे, वयानं आईपेक्षा लहान, हुशार, मनानं निर्मळ, पण भारी तापट. त्यांना कॉफी लागायची, आणि ती स्वतःच्या हातचीच. तांडेलमामा कोरा चहा प्यायचे, आई मिळेल ते प्यायची, पण डॉक्टरांच्या कॉफीसाठी आई रोज तबेल्यातलं दूध किटलीतून घेऊन जायची. होडीच्या मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करून पंपाचा स्टोव्ह ठेवलेला होता. तिथं डॉक्टर बसकण मारून, चष्म्यावर वाफ घेत, दुधाकडे असे बघत बसायचे की वाटावं एखाद्या रोग्याची नाडी बघताहेत. या दुधाला पुढे फार महत्त्व यायचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

चाळीत आईच्या नोकरीवर बोलणारे बरेच होते. बाई दिवसभर समुद्रात आणि नवरा घरी कालवण ढवळतोय, हे लोकांना बघवत नव्हतं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा भांडुपलाच एका कारखान्यात लागले होते. पहिली पाळी करून दुपारी घरी यायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. कुणी टोमणा मारलाच तर म्हणायचे, "बायलेच्या हातचा रोज खातास, आज माझ्या हातचा खाऊन बघ, घराक परत जावचंस नाय." पण एकदा त्यांनी मला खरं कारण सांगितलं होतं. नारळ खवता खवता, माझ्याकडे न बघता. त्यांची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली होती. खाडीपलीकडे डॉक्टर होता, पण वाहतं पाणी होतं आणि पलीकडे नेणारं कुणी नव्हतं. "माझ्या भयणीक होडी गावली नाय," एवढंच म्हणाले आणि खवणी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर आई कधी उशिरा आली तरी मी कुरकुर केली नाही.

माझी मॅट्रिकची परीक्षा संपली आणि निकालापर्यंत काय करायचं असा प्रश्न आला तेव्हा आईच म्हणाली, "चल होडीवर. बघ तरी मी कुठं जाते ते." म्हणून त्या उन्हाळ्यात मी पांढरीवरून हिंडले. आयुष्यात नंतर मी विमानं पाहिली, मुलाकडे परदेशातही राहून आले, पण माहुलच्या धक्क्यावरून सकाळी सुटताना जे वाटायचं ते पुन्हा कधी वाटलं नाही. मागे तेलाच्या कारखान्यांची धुरांडी, त्यांच्या टोकाला जळणारी ज्योत, पुढे करडं पाणी. इंजिनची ठकठक पायांच्या तळव्यांतून दातांपर्यंत यायची. कपाटातल्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. खाडीत शिरलं की दोन्ही बाजूंना तिवरांची दाट झाडी, मधूनच उडणारा बगळा आणि चिखलाचा तो आंबूस वास, जो आवडायला लागला की माणूस त्या किनाऱ्याचा झाला असं तांडेलमामा म्हणायचे. गावाजवळ आलं की ते भोंगा वाजवायचे आणि पोरं ओरडत धक्क्यावर धावायची. "पांढरी आली! पांढरी आली!" सुई टोचणाऱ्या होडीचं एवढं कौतुक मी दुसरीकडे पाहिलं नाही.

सगळ्या गावांत बायका होडीवर यायच्या. फक्त तिवरपाड्यात यायच्या नाहीत. आधी आईच्या हे लक्षातच आलं नव्हतं. पुरुष यायचे, पोरं यायची, म्हातारे यायचे. बायका धक्क्यावर ओळीनं बसायच्या, हातवारे करून पोरांना वर ढकलायच्या, आईशी खालूनच गप्पा मारायच्या, आणि तुम्हांला काही होतंय का विचारलं तर म्हणायच्या, "आमाला कय नाय." डॉक्टरांनी तर तिवरपाड्याच्या बायकांची तब्येत उत्तम असते असा शोधच लावला होता. तिथलं पाणी चांगलं असावं, असं ते म्हणायचे. आईनं एक दिवस पदर खोचला आणि उतरून गावात गेली. घरोघरी बसून आली तेव्हा तिची पिशवी सुकटानं भरली होती आणि चेहरा उतरला होता. बायकांना सगळं होत होतं. पांढुरकं पडलेलं अंग, न थांबणारं अंगावरून जाणं, छातीतल्या गाठी. होडीवर यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

कारण सांगितलं जानाबायनं. जानाबाय म्हणजे गावातली मानाची म्हातारी. काळीसावळी, काटक, नाकात जाड चमकी, बोलायला लागली की धक्क्यावरचे पुरुषही गप्प व्हायचे. मासेमारीच्या होडीवर बाईनं पाय ठेवायचा नाही, हा त्या गावचा नियम होता. ठेवला तर दर्या कोपतो, जाळं रिकामं येतं आणि त्या बाईचंही भलं होत नाही. प्रवासी लाँचवर बाईनं चढलेलं चालायचं, ती माणसांचीच. पण ती खाडीच्या पार दुसऱ्या टोकाला लागायची, तिथवर जायला बैलगाडीनं अर्धा दिवस. आई म्हणाली, "अहो, पण ही आता मासेमारीची कुठं राहिली? हा दवाखाना आहे." जानाबाय हसली. "रंग लावला म्हनून होरी बदलते काय गो? ही माझ्या घरधन्याची होरी हाय. त्या डाव्या अंगाची नवी फळी दिसते ना, ती त्यानं माझ्यासमोर बसवलेली."

मग सगळी हकिकत बाहेर आली. पांढरी तिवरपाड्यातच बांधली गेली होती. जानाबायचा नवरा वर्षानुवर्षं तिच्यावरून दर्यात जायचा. एकदा मासेमारीला गेलेला असताना त्याच्या छातीत कळ आली. बरोबरच्यांनी त्याला होडीतच निजवलं आणि गावाकडे होडी फिरवली, पण धक्क्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलानं ती होडी ठेवली नाही, विकली. आणि एक दिवस तीच होडी पांढरी होऊन, पोटात औषधं घेऊन, गावाच्या धक्क्याला परत आली. जानाबायनं तिला लांबूनच ओळखलं होतं. "उभा जनम त्याच्या होरीची पूजा धक्क्यावरून केली मी," ती म्हणाली, "वर कवा पाय ठेवला नाय. आता सुनंला कशी चढवू?" आईनं तांडेलमामांना विचारलं, तुम्ही कोळी, तुम्हांला हे ठाऊक नव्हतं का? मामा म्हणाले, "ठाऊक व्हतं." "मग मी रोज चढते ते कसं चालतं?" आई म्हणाली. यावर त्यांनी जरा विचार केला. "तू बाय नाय, तू नर्सबाय."

जानाबायची सून म्हणजे वैजू. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. गोल चेहऱ्याची, हसरी, माझ्या दोन वेण्यांची तिला फार गंमत वाटायची. तिला आठवा महिना लागला होता. आधीचं तिचं मूल त्याच बैलगाडीच्या वाटेवर गेलं होतं. दवाखान्यात पोचायच्या आधीच, एका आंब्याच्या झाडाखाली. ही गोष्ट गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. आई प्रत्येक फेरीला तिच्या अंगणात जाऊन तिला तपासायची आणि येताना म्हणायची, "या वेळी तिला गाडीनं जाऊ द्यायचं नाही." कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही धक्क्याला लागलो तर वैजू धक्क्यावरच होती. मासळीच्या उपड्या पाटीवर बसलेली, शेजारी जानाबाय, मागे गावातल्या बायका. तिचे पाय सुजून जोडवी बोटांत रुतली होती. चेहरा असा फुगला होता की मी तिला आधी ओळखलंच नाही. ती मला बघून हसली, मग डोळे मिटून घेतले. उजेड सोसत नाही म्हणाली. डोकं फुटतंय म्हणाली. आईनं खाली उतरून तिचं ब्लड प्रेशर घेतलं आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर उतरले, त्यांनी पुन्हा घेतलं, आणि त्यांचाच चेहरा पांढरा पडला. केव्हाही झटके येतील, म्हणाले. आत्ताच्या आत्ता मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. तांडेलमामांनी पाण्याकडे बघितलं. ओहोटी सुरू झाली होती. थोड्या वेळात निघालो नाही तर होडी चिखलात बसली असती आणि पुढच्या भरतीपर्यंत हलली नसती.

"चढव तिला," आई जानाबायला म्हणाली.

जानाबायनं मान हलवली. पण तिचा हात वैजूच्या पाठीवरून फिरत होता, थांबत नव्हता. मला आज कळतं की तिला नाही म्हणायचंच नव्हतं. तिला नको असतं तर तिनं सुनेला धक्क्यावर आणलंच कशाला असतं? ती घाबरली होती. बैलगाडीनं एक नातवंड नेलं होतं, आणि होडीवर चढवली तर दर्या दुसरं नेईल अशी तिला भीती होती. दोन्हीकडून तिची कोंडी झाली होती, आणि मागे सगळं गाव बघत होतं.

डॉक्टरांचा तोल गेला. "अहो आजी, कसला दर्या आणि कसलं काय! दोघंही जातील, समजतंय का तुम्हांला? पुन्हा नातवाला मुकायचंय?" हे त्यांनी बोलायला नको होतं. जानाबायचा चेहरा दगडासारखा झाला. तांडेलमामा होडीतूनच म्हणाले, "डाक्टर, वरडू नका. वरडून भरती येत नाय." डॉक्टर तणतणत वर आले आणि रागाच्या भरात, सवयीनं, स्टोव्हला पंप मारून त्यांनी दुधाचं पातेलं वर चढवलं. आईही होडीवर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. औषधांची पेटी उघडून ती हातानंच काहीबाही शोधत होती. डॉक्टरांना तेवढ्यात आणखी एक मुद्दा सुचला. ते पुन्हा काठाशी गेले आणि वाकून जानाबायला रक्तदाब म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. दूध मागेच राहिलं.

मला स्टोव्हचा आवाज ऐकू येत होता. वळून बघितलं तर साय फुगून पातेल्याच्या काठापर्यंत आली होती. मी पुढे झाले. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. तिची नजर पातेल्यावरच होती.

"राहू दे," ती हळूच म्हणाली.

दूध चढलं, काठावर क्षणभर थरथरलं आणि उतू गेलं. स्टोव्ह चरचरला, फरफरला, करपल्या दुधाचा वास वाऱ्याबरोबर थेट धक्क्यावर गेला. डॉक्टर "अरे अरे" करत धावले आणि रुमालानं पुसायला लागले. "पुसू नका हो!" आई अशी काही ओरडली की ते रुमाल हातात धरून तसेच थिजले. दूध पातेल्याच्या चारी बाजूंनी ओघळत होतं, फळ्यांवर सांडत होतं, फळ्यांच्या फटींतून खाली होडीच्या पोटात झिरपत होतं. धक्क्यावरच्या बायका माना उंचावून बघत होत्या.

सगळ्यांत आधी एक तरणी बाई बोलली. घाबरत घाबरत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दूध उतू गेला... म्हंजे घरभरनी झाली ना?"

नव्या घरात राहायला जाताना चुलीवर दूध उतू जाऊ देतात. ते उतू गेलं की चार भिंतींचं घर होतं. आमच्या कोकणात घरभरणी, कुणाकडे वास्तुशांत, पण दूध सगळीकडे तेच. एक म्हातारी लगेच म्हणाली, होरीवर पुरुष काय रांधत नाहीत? भात शिजतो, कालवण शिजतं. त्यानं काय होरीचं घर होतं? सगळ्या बायका जानाबायकडे बघू लागल्या. जानाबाय त्या ओघळलेल्या दुधाकडे बघत होती. मग शांतपणे, एकेक शब्द तोलून म्हणाली, "भात शिजतो. दूध नाय. मासेमारीच्या होरीवर दूध कवा चढला नाय आनि उतू गेला नाय. इतकी वरसं झाली, मी बघत आली." मग तिनं केबिनकडे हात केला. "ही होरी व्हती. आता घर हाय."

एवढंच हवं होतं. गावाला, जानाबायला, त्या सगळ्या बायकांना, ज्या इतके दिवस आपापली दुखणी पदराखाली घेऊन खाली बसून राहिल्या होत्या. नियम मोडायची छाती कुणाला नव्हती, पण नियमानंच दार उघडलं तर आत जायला सगळ्या टपूनच होत्या. एकजण धावत गेली आणि हळदकुंकू घेऊन आली, दुसरीनं गुळाचा खडा आणला. तांडेलमामा "पानी चाललं, पानी चाललं" म्हणून घायकुतीला आले तरी बायकांनी केबिनच्या चौकटीला कुंकवाची बोटं ओढलीच. वैजूला दोघींनी धरून फळीवरून वर आणलं. "उजवा पाय आधी," जानाबाय खालून म्हणाली. वैजूनं आंधळ्यासारखा चाचपडत उजवा पाय टाकला आणि ती आत आली. मग आईनं खाली हात केला. जानाबाय मागे सरली. "मी कशाला? माझं कुंकू गेलेलं, घरात मी आधी..." आई म्हणाली, "सून शिरली की आत. आता तुम्ही या. घर तुमच्याच माणसाचं आहे." माझ्या आईच्या तोंडून मी पुष्कळ शहाणपणाचं ऐकलं, पण याच्याइतकं मोठं काही ऐकलं नाही. जानाबायनं आईचा हात धरला आणि जिची पूजा तिनं जन्मभर लांबून केली होती त्या होडीवर पाय ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा होडीचा तळ चिखलाला घासत होता. केबिनला ताडपत्री लावून अंधार केला होता, वैजूला उजेड आणि आवाज नको म्हणून. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि खाटेशी गुडघ्यावर बसून राहिले. सगळा राग कुठच्या कुठे गेला होता. वाट संपेपर्यंत त्यांनी तिच्या मनगटावरचं बोट काढलं नाही. आई तिच्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती. मला भीती वाटत होती, खूप. ती बंद पापण्यांची वैजू मधूनच दचकायची. जानाबाय दारात बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं तांडेलमामांना विचारलं, "तो कुठं निजला असंल रं, त्या दिसाला?" मामांनी इंजिनपाशी उभ्याउभ्याच केबिनकडे बोट केलं. तेव्हा केबिन नव्हती, पण आडवं व्हायला जागा तेवढीच, मधली. जिथं खाट होती तिथंच. जानाबाय सरकत सरकत आत गेली आणि खाटेखालच्या फळीवर तळवा टेकवून बसली. दुसरा हात वैजूच्या पायावर. माहुलची धुरांडी दिसेपर्यंत तिनं दोन्ही हात हलवले नाहीत.

वैजू वाचली आणि बाळही वाचलं. मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावेल अशी, पण आवाज तांडेलमामांच्या भोंग्यासारखा. दोघी बऱ्या होईपर्यंत जानाबाय आमच्या चाळीत राहिली. बाबांच्या तिखल्याला तिनं नाक मुरडलं, तिरफळं कशाला घालतोस म्हणून त्यांच्याशी भांडली, आणि लेले काकूंना पुरणपोळी बिघडली तर काय करायचं ते शिकवून आली. तिनं जन्मात पुरणपोळी केली नव्हती, हे आम्हांला मागाहून कळलं.

नंतर तिवरपाड्याच्या बायका होडीवर यायला लागल्या. एवढ्या आल्या की डॉक्टरांनी त्या चांगल्या पाण्याच्या शोधाचं नाव पुन्हा काढलं नाही. पावसाळा संपून पांढरी पहिल्यांदा धक्क्याला लागली की गावातून दूध यायचं आणि डॉक्टरांनाच स्टोव्हपाशी बसवायचे. "डाक्टर, कॉफी करा. पन बघू नका!" सगळ्या बायका हसायच्या आणि ते लाजून पाठ फिरवून बसायचे. पुढे खाडीवर पूल झाले, रस्ते झाले, गावात आरोग्य केंद्र आलं, आणि पांढरीची गरज संपली. बरंच झालं की. होडी गेली म्हणून मी रडले, पण ती गेली ती रस्ते आले म्हणून, हे विसरत नाही. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आता माझं घर आहे. वरच्या मजल्यावरून मिठागरांपलीकडे खाडीची एक चकचकीत पट्टी दिसते. गुडघ्यांमुळे मी फारशी बाहेर पडत नाही, तिथंच बसते. वैजूची ती मुठीएवढी मुलगी आता स्वतः आजी व्हायला आली आहे. दर हिवाळ्यात जवळा घेऊन येते आणि जिन्यातून, म्हणजे आता लिफ्टमधून, वास आधी येतो.

आईला मी शेवटपर्यंत विचारत राहिले, त्या दिवशी तुला माहीत होतं ना गं, दूध उतू गेलं की काय होईल ते? ती म्हणायची, "मी काय डॉक्टरांचं दूध राखायला होते?" आणि हसायची. ती गेली तेव्हा मला वाटलं, तिनं मला जे दिलं त्यातलं सगळ्यांत मोठं म्हणजे मनगटावरची ती पकड. कुठं धावून जायचं आणि कुठं राहू द्यायचं, हे मी तिथं शिकले.

पण मला लिहायचं होतं ते पांढरीवरून त्या तिघी घरी गेल्या त्या दिवसाबद्दल. बाळ दुपट्यात, वैजू पुन्हा गोल चेहऱ्याची, धक्का माणसांनी भरलेला. वैजू उतरली, मग बाळ हातोहात उतरलं, धक्क्यावर एकच गलका झाला. जानाबाय मात्र उतरेना. ती केबिनच्या दारात उभी होती. ज्या धक्क्यावर उभं राहून तिनं नवऱ्याला जाताना बघितलं होतं, तो धक्का ती त्याच्या जागेवरून बघत होती. मला म्हणाली, "पोरी, तो निघताना इथनंच मला हात करायचा. जातो कवा म्हनला नाय. येतो म्हनायचा." मग तिनं चौकटीवरच्या पुसट झालेल्या कुंकवाला हात लावला, तो कपाळाला लावला, फळीवर आली, आणि उतरताना मागे वळून त्या रिकाम्या केबिनला म्हणाली, "येते हां."